कळंब्याच्या काठी एक रात्र

वीकएंड म्हटलं की गोवा नाहीतर महाबळेश्वर, हे आता बोअर झालंय ना? मग टेंट गाडीत टाका आणि कोल्हापूर गाठा. गारगोटी रस्त्याला, शहराला खेटूनच कळंबा तलाव आहे. पलीकडे कात्यायनीचे डोंगर. आम्ही सहा जण, दोन टेंट, डब्यात तांबडा-पांढरा आणि तोंडी लावायला भडंग. मोबाइल बॅगेत गेले आणि गप्पा अशा रंगल्या की विचारू नका!

सकाळी मात्र फजिती झाली. आमच्यातला एक पठ्ठ्या रश्शाचं पातेलं आणि साबण घेऊन थेट पाण्यात उतरला. फिरायला आलेले एक आजोबा ओरडले, "पोरा, हे पाणी पितो आम्ही!"

संस्थानकाळात बांधलेला हा तलाव. इथलं पाणी नुसत्या उतारानं शहरातल्या ‘पाण्याच्या खजिन्या’त यायचं. पंप नाही, वीज नाही. आणि आम्ही त्याच माठात खरकटं धुवायला निघालो होतो!

पातेलं तसंच घरी आणलं. तुम्हीही जा, पण आधी परवानगी विचारा. चूल काठापासून लांब मांडा, कचरा सोबत आणा. साबण? तो घरीच राहू द्या.