फॉक्सप्रोतले मेंटेनन्स बिल : उपनगरातील जुन्या सॉफ्टवेअरच्या रूपांतराचा अनुभव

मुंबईच्या उपनगरांत व्यावसायिक सॉफ्टवेअर, म्हणजे हिशोब, बिले, पगार, मालाचा साठा अशा रोजच्या व्यवहारांसाठी लिहिलेले प्रोग्राम, दोन वेगवेगळ्या वाटांनी आले. पहिली वाट अंधेरी पूर्वेच्या सीप्झची होती. निर्यातीसाठी राखून ठेवलेले हे क्षेत्र १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सुरू झाले आणि त्याच दशकात टाटा आणि अमेरिकेतील बरोज या कंपन्यांचा संयुक्त उद्योग तेथे उभा राहून सॉफ्टवेअरही निर्यात होऊ लागले. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने मुंबईत बसून परदेशासाठी केलेले पहिले मोठे काम एका रुग्णालयाच्या माहिती-प्रणालीचे होते. ती प्रणाली बरोजच्या एका संगणक-मालिकेवरील कोबोलमधून दुसऱ्या मालिकेवरील कोबोलमध्ये न्यायची होती, आणि ते काम आयसीएल या तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर पार पडले. भारतीय सॉफ्टवेअर-निर्यातीचा आरंभ नव्या प्रोग्रामच्या लेखनातून झाला अशी समजूत सर्वत्र आढळते, परंतु तो मुळात जुन्या प्रोग्रामच्या रूपांतरातून झाला, ही गोष्ट या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसांनी तरी विसरू नये.

कोबोल ही व्यापारी हिशोबासाठी घडवलेली भाषा असून तिची आखणी १९५९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. रुपये-पैशांसारख्या दशांश रकमा ती मुळातच अचूक सांभाळते आणि तिची वाक्ये साध्या इंग्रजीसारखी वाचता येतात, म्हणून बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती तिच्यावर विसंबून राहिली. १९९८-९९ मध्ये, वर्षाचे दोनच आकडे साठवणाऱ्या प्रोग्रामना २००० हे साल १९०० वाटेल या भीतीने जगभर दुरुस्तीचे काम निघाले, तेव्हा सीप्झ आणि मरोळच्या एमआयडीसीत रात्रपाळ्या लागल्या. अंधेरी स्थानकापासून महाकाली मार्गाने जाणाऱ्या बसमध्ये त्या काळी कोबोलच्या जाडजूड छापील याद्या मांडीवर घेऊन वाचणारी मुले सहज दिसत. प्रस्तुत लेखकाची उमेदवारी त्याच काळातली आहे. या पिढीला मिळालेले मुख्य शिक्षण प्रोग्राम लिहिण्याचे नव्हते, तर दुसऱ्याने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला, कधीही न भेटलेल्या माणसाचा प्रोग्राम शांतपणे वाचण्याचे होते.

दुसरी वाट याहून पुष्कळ साधी, आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात वैयक्तिक संगणक आवाक्यात येऊ लागले तसे मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतील औषधांचे वितरक, पतपेढ्या, कापडाचे व्यापारी आणि गृहनिर्माण संस्थांचे हिशोब लिहिणारी छोटी कार्यालये यांनी ओळखीच्या एखाद्या प्रोग्रामरकडून डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रोमध्ये आपापली सॉफ्टवेअर लिहून घेतली. या तिन्ही एकाच कुळातल्या भाषा असून त्यांत माहितीची साठवण आणि प्रोग्रामची भाषा हे एकत्रच येते. प्रत्येक तक्ता डीबीएफ नावाच्या फाइलमध्ये राहतो आणि त्यावरची प्रक्रिया पीआरजी फाइलमध्ये लिहिली जाते. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रोची मूळ कंपनी विकत घेतली, २००४ मध्ये फॉक्सप्रोची शेवटची मोठी आवृत्ती काढली, २००७ मध्ये पुढची आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये तांत्रिक साहाय्यही थांबवले. त्यातही डॉसवर चालणारे जुने प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, त्यामुळे जुना संगणक बिघडला की केवळ यंत्र बदलून भागत नाही, तर त्या प्रोग्रामचे भवितव्यच ठरवावे लागते.

अशाच एका कार्यालयाच्या जुन्या प्रोग्रामचे नव्यात रूपांतर करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. उपनगरातील अनेक गृहनिर्माण संस्थांची मासिक बिले, पावत्या आणि ताळेबंद तेथे तयार होत, आणि ते सर्व फॉक्सप्रोच्या डॉस आवृत्तीत लिहिलेल्या एकाच प्रोग्रामवर चाले. मूळ प्रोग्रामर परदेशी स्थायिक झाला होता आणि कार्यालयाकडे केवळ भाषांतरित, म्हणजे यंत्राला थेट चालवता येईल अशा रूपातली फाइल उरली होती. अशा फाइलमधून मूळ मजकूर परत काढून देणारी साधने उपलब्ध आहेत, आणि त्यांनी चलांची नावे, अटी, सूत्रे हे सारे बहुतांश जसेच्या तसे मिळते. मिळत नाहीत त्या टिपा, म्हणजे प्रोग्रामरने माणसांसाठी लिहून ठेवलेल्या ओळी, कारण भाषांतराच्या वेळी यंत्र त्या गाळून टाकते. त्यामुळे कार्यालयाच्या हाती नेमके ‘काय’ केले जात होते हे आले, पण ‘का’ केले जात होते ते आले नाही. या कामातला जवळजवळ प्रत्येक अवघड प्रसंग या एका उणिवेतून निर्माण झाला.

उदाहरणादाखल बिलाच्या आकारणीतली एकच अट पाहता येईल. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे सभासदाने सदनिका स्वतः न वापरता भाड्याने दिल्यास संस्थेने आकारायचे शुल्क, काढताना प्रोग्राम बिलाची तारीख ०१/०८/२००१ या तारखेशी ताडून पाही आणि त्या तारखेनंतरच्या बिलांत सेवाशुल्काच्या दहा टक्के रक्कम धरी, तर आधीच्या बिलांत प्रत्येक संस्थेचा वेगळा दर वापरी. ती तारीख कोठून आली याचा खुलासा प्रोग्राममध्ये नव्हता. तो एका संस्थेच्या वयोवृद्ध माजी खजिनदारांकडून, ज्यांना कार्यालयात सगळे काका म्हणत, चहाच्या ओघात मिळाला : ‘‘अहो, तेव्हा सरकारचा जीआर आला ना, दहा टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही म्हणून!’’ राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी दिलेल्या आदेशाने ही मर्यादा खरोखरच घातली होती. जुनी थकबाकी असलेल्या सभासदाचा खातेउतारा काढायचा झाल्यास त्या आधीचा दरही लागतो, म्हणून ‘इतकी जुनी अट आता कशाला’ असे म्हणून ती काढून टाकली असती तर न्यायालयात प्रलंबित असलेल्या एखाद्या वसुलीचा आकडा चुकला असता. शिवाय तारखेचे लेखन हाही एक धोका होता. फॉक्सप्रो आपण होऊन तारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस, अशी वाचते. प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘सेट डेट ब्रिटिश’ ही एक ओळ असल्यामुळेच ती तारीख १ ऑगस्ट होती. त्या ओळीकडे लक्ष न देता केवळ अटीचे रूपांतर करणाऱ्याच्या हातून ती ८ जानेवारी झाली असती.

माहितीच्या स्थलांतरातही असाच एक बारकावा आढळतो. डीबीएफ फाइलमध्ये एखादी नोंद ‘खोडली’ असता ती प्रत्यक्षात पुसली जात नाही. नोंदीच्या पहिल्या जागेवर फक्त एक तारकाचिन्ह लागते आणि प्रोग्राम तिच्याकडे काणाडोळा करू लागतो. ‘पॅक’ ही आज्ञा दिल्यावरच अशा नोंदी खरोखर जातात. नवे साधन ते चिन्ह वाचत नसेल तर अनेक वर्षांपूर्वी सदनिका विकून गेलेले सभासद नव्या यादीत पुन्हा अवतरतात आणि एकाच सदनिकेची दोन बिले निघतात. उलटपक्षी, अशा सर्व नोंदी डोळे मिटून टाकून देणेही योग्य नाही, कारण काही संस्थांत हस्तांतराचा इतिहास केवळ या खोडलेल्या नोंदींतच शिल्लक होता. त्या वेगळ्या तक्त्यात जपून ठेवण्यात आल्या.

सर्वांत अधिक वेळ मात्र समांतर चालवणीने घेतला. समांतर चालवणी म्हणजे जुना आणि नवा असे दोन्ही प्रोग्राम त्याच महिन्यासाठी, त्याच माहितीवर चालवून निघालेली बिले ओळीने ताडून पाहणे. त्यात बहुसंख्य बिले जुळली, आणि जी जुळली नाहीत ती जवळपास सगळी थकबाकीदारांची होती. फरक एक-दोन रुपयांचा होता. त्या वेळच्या आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर सरळ व्याज आकारता येई आणि त्याचा दर वर्षाला २१ टक्क्यांच्या आत सर्वसाधारण सभा ठरवी. दोन्ही प्रोग्राममध्ये दर आणि मुदत सारखेच होते. अखेर कारण सापडले ते पूर्णांकनात. जुना प्रोग्राम प्रत्येक थकलेल्या बिलावरचे व्याज स्वतंत्रपणे जवळच्या रुपयात बसवून मग बेरीज करी, तर नवा प्रोग्राम आधी बेरीज करून शेवटी पूर्णांक घेई. तीन बिलांवर प्रत्येकी १० रुपये ४० पैसे व्याज होत असेल तर पहिल्या रीतीने ३० रुपये येतात आणि दुसरीने ३१. गणिताच्या दृष्टीने दुसरी रीत अधिक काटेकोर आहे, आणि नव्या पिढीच्या सहकाऱ्याने ती निवडली होती ती पूर्ण विचारानेच. तथापि, वर्षानुवर्षे सभासदांनी ज्या रीतीने पैसे भरले आणि लेखापरीक्षकांनी जी रीत मान्य केली, ती बदलण्याचा अधिकार प्रोग्रामरला नाही, तो संस्थेच्या समितीला आणि सभेला आहे, अशी भूमिका प्रस्तुत लेखकाने तेव्हा घेतली आणि आजही ती बदलण्याचे कारण दिसत नाही. नव्या प्रोग्राममध्ये जुनीच रीत ठेवून ती बदलण्याची सोय प्रत्येक संस्थेसाठी वेगळी देण्यात आली.

कोबोलवर काम केलेल्याला हा प्रकार ओळखीचा वाटतो. कोबोलमध्ये गणिताच्या आज्ञेला ‘राउंडेड’ हा शब्द जोडला नसेल तर जादा दशांश सरळ छाटले जातात. जावासारख्या भाषेत तीच आकडेमोड सर्वसाधारण दशांश-चलाने केली तर त्या चलाची साठवण द्विमान पद्धतीची असल्यामुळे ०.१० सारखी साधी रक्कमही तंतोतंत बसत नाही. म्हणून तेथे पैशांसाठी अचूक दशांश ठेवणारा वेगळा प्रकार वापरावा लागतो आणि छाटणी कोठे व पूर्णांकन कोठे हे प्रत्येक सूत्रागणिक पाहावे लागते. खातेदारांच्या संख्येने फरक वाढतो, कामाची जात तीच राहते. सीप्झमधील काचेच्या इमारतीत जे शिकले ते घाटकोपरच्या पोटमाळ्यावरील कार्यालयात जसेच्या तसे उपयोगी पडले.

छपाईचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. जुना प्रोग्राम डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला संक्षिप्त अक्षरांचा संकेत थेट पाठवून जोडकागदावर बिले छापी आणि नव्या प्रिंटरना तो संकेत कळत नसे. बिले पीडीएफमध्ये काढून व्हॉट्सॲपवर पाठवू लागल्यावर तो प्रश्न आपोआप मिटला.

जुना प्रोग्राम वाईट होता म्हणून बदलावा लागला, असे मात्र मुळीच नाही. वापरात असलेले सॉफ्टवेअर भोवतालच्या बदलांबरोबर सतत बदलत राहिले नाही तर ते हळूहळू निरुपयोगी होते, हे मेअर लेमन या संगणकशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून मांडले, आणि मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांइतके त्याचे ठळक प्रत्यंतर क्वचितच सापडेल. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. सभासदामागे मासिक वर्गणीची करमुक्त मर्यादा २५ जानेवारी २०१८ पासून ५,००० वरून ७,५०० रुपये झाली. मर्यादा ओलांडल्यास कर पूर्ण रकमेवर की केवळ वरच्या रकमेवर, याविषयी २०१९ मध्ये केंद्राच्या परिपत्रकाने एक उत्तर दिले आणि २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या उलट दिले. हे सर्व बदल त्या जुन्या फॉक्सप्रो प्रोग्रामला पेलता आले असते. ते त्यात घालणारा माणूस मात्र आसपास उरला नव्हता. भाषा जुनी होते ती तिच्या जाणकारांची साखळी तुटल्याने, ही गोष्ट एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना बेकारभत्त्याच्या प्रणालीसाठी कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली तेव्हा जगानेही पाहिली.

या अनुभवातून संस्थांच्या समित्यांना आणि छोट्या व्यावसायिकांना एकच विनंती करावीशी वाटते. सॉफ्टवेअर करून घेताना प्रोग्रामचा मूळ मजकूर आणि तक्त्यांची रचना लेखी करारात मागून घ्यावी, आणि प्रत्येक नियमापुढे तो कोणत्या ठरावाने, उपविधीने वा शासन आदेशाने आला हे एका वहीत तारखेसह नोंदवून ती वही इतिवृत्ताच्या नोंदवहीशेजारीच संस्थेच्या कपाटात ठेवावी. ज्यांच्याकडे आज जुना प्रोग्राम चालू आहे त्यांनी हे काम पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंतही लांबवू नये, कारण नियमांची कारणे तोंडपाठ असलेले काका आणि जुने ऑपरेटर अजून भेटतात आणि विचारल्यास आनंदाने सांगतात.