कुकरची शिट्टी आणि तपकिरी कडी

काल रात्री झोपच लागेना. डोळे मिटले की तपकिरी कडी दिसत होती!

पॅथॉलॉजीला आल्यापासून लिम्फोसाइट बघतेय. गोल, निळे, सगळे सारखे. ताटात मोहरी सांडावी तसे. यातला टी कोणता नि बी कोणता, हे नेहमीच्या निळ्या-गुलाबी स्लाइडवर भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून ते ओळखणाऱ्या अँटीबॉडी लावून बघायचं ठरवलं.

ब्लॉक टॉन्सिलचा, जुना. फॉर्मलिनमधून मेणात गेलेला. फॉर्मलिन ऊतक टिकवतं खरं, पण प्रथिनं एकमेकांत जखडून टाकतं. मग अँटीबॉडीला तिची जागाच सापडत नाही. उपाय? उकळा! आमच्याकडे त्यासाठी चक्क प्रेशर कुकर आहे. सायट्रेट बफर, पीएच ६, आणि शिट्टी. मला हसू आवरेना. पण १९९१ साली मायक्रोवेव्हमध्ये काप तापवण्याची युक्ती छापून आली, तोवर कितीतरी अँटीबॉडी मेणातल्या कापांवर चालतच नव्हत्या.

पहिल्या खेपेला माझा काप काचेवरून सुटून कुकरातच तरंगला. मी साधी स्लाइड घेतली होती, लेप दिलेली नाही. टेक्निशियन काका काही बोलले नाहीत. नवी स्लाइड पुढे सरकवली.

दुसऱ्या खेपेला सीडी२०, बी पेशी ओळखणारी अँटीबॉडी. धुतलं. पेरॉक्सिडेज जोडलेली दुसरी अँटीबॉडी. पुन्हा धुतलं. मग हातमोजे नीट चढवून डॅबचे, म्हणजे तपकिरी रंग देणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकले, स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली आणि बघत राहिले. आधी काहीच नाही. मग चहात दूध कमी पडावं तसा रंग चढू लागला. बी पेशींचे गोल पुंजके, फॉलिकलच्या फॉलिकल तपकिरी! शेवटी केंद्रकांना निळा रंग देऊन जवळ गेले तर प्रत्येक बी पेशीभोवती बारीक कडं, आत निळं केंद्रक.

शेजारच्याच कापावर टी पेशींसाठी सीडी३ लावलं आणि चित्र उलटं झालं: फॉलिकलं फिकी, मधल्या गल्ल्या तपकिरी. तरी फॉलिकलच्या ऐन मध्यात काही टी पेशी ठाण मांडून होत्याच. बी पेशींना मदत करणाऱ्या याच त्या! परीक्षेसाठी ही ओळ मी दहादा घोकली होती, आणि त्या तिथे बसलेल्या दिसत होत्या. मी मोठ्यानं ओरडले. काका हसले, म्हणाले, "पहिल्यांदा सगळेच ओरडतात."

मंगळवारी मॅक्रोफेजसाठी सीडी६८ लावतेय. ब्लॉक अजून निम्मा शिल्लक आहे.