जोड कुठं आहेत?

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मला गणितात २५ पैकी ७ मिळाले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात जे ‘समीकरण’ म्हणून ओळखीचं होतं, ते कॉलेजात आठवड्याभरात ‘इक्वेशन’ झालं आणि त्याच्यामागोमाग ‘इनइक्वालिटी’ आली. मला वाटलं, बरोबरच्या चिन्हाऐवजी लहान-मोठ्याचं चिन्ह आलं, एवढाच फरक. बाकी रीत तीच.

गणित असं होतं : (क्ष + १) भागिले (क्ष − ३) हे २ पेक्षा मोठं केव्हा असेल? मी सवयीने छेद पलीकडे नेऊन गुणला. क्ष + १ हे २क्ष − ६ पेक्षा मोठं, म्हणून क्ष ७ पेक्षा लहान. उत्तराखाली दोन रेघाही ओढल्या. त्यावर लाल फुली होती. शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं.

पेपरवर पालकांची सही आणायची होती. आप्पा इचलकरंजीत यंत्रमागांच्या कारखान्यांत वायरमन होते. आयटीआय झालेले. कॉलेजातलं मी त्यांना काही सांगत नसे. त्यांना काय कळणार, हे मी न विचारताच ठरवून टाकलं होतं.

त्यांनी सहीसाठी पेन उघडलं आणि विचारलं, “चुकलं कुठं?”

“माहीत नाही.”

“उत्तर काय काढलंस?”

“क्ष सातपेक्षा लहान.”

“मग शून्य चालतं?”

“चालतं की.”

“घालून बघितलंस का?”

घातलं. वर एक, खाली उणे तीन. दोनपेक्षा मोठं राहू दे, उत्तर शून्याच्याही खाली गेलं. मग त्यांनी पाच घालायला सांगितलं. सहा भागिले दोन, तीन. हे चाललं.

“म्हणजे मधेच कुठंतरी तुटलंय,” आप्पा म्हणाले. “जोड कुठं आहेत? एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत वायर अख्खी. तिथं एकदा टेस्टर लावला की पुरे. बिघाड असतो तो जोडात.”

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीची वही मागून घेतली, तेव्हा कळलं, रीत तीच होती. पलीकडचा २ अलीकडे आणायचा; उजवीकडे फक्त शून्य ठेवायचं. डावीकडे उरतं (७ − क्ष) भागिले (क्ष − ३). याचं धन-ऋण बदलू शकतं ते फक्त ३ वर आणि ७ वर. संख्यारेषेचे तीन तुकडे, प्रत्येकातली एकच संख्या तपासायची. उत्तर ३ आणि ७ यांच्या मधलं. दोन्ही टोकं वगळून : ७ वर राशी शून्य होते, मोठी नाही, ३ वर तर छेदच शून्य. माझी चूकही दिसली. ऋण संख्येने गुणलं की असमानतेचं चिन्ह उलटतं. क्ष − ३ धन आहे की ऋण, हे मी विचारलंच नव्हतं. धन असणार, असं धरून चालले होते. आप्पांच्या बाबतीत मी उलटं धरलं होतं, पण तपासलं तेही नव्हतं.

पुढे बहुपदींची गणितं आली. (क्ष − १)² गुणिले (क्ष − ४) हे शून्यापेक्षा मोठं केव्हा? १ वर राशी शून्य होते, पण दोन्ही बाजूंना ऋणच राहते, कारण वर्ग ऋण होत नाही. उत्तर फक्त ४ च्या पुढचं. हे मी आपणहून आप्पांना सांगायला गेले. ते म्हणाले, “म्हणजे जोड आहे, पण बिघाड नाही. असतात तसेही.”

आता मी स्वतः अकरावीला शिकवते. ही लहान-मोठ्याची चिन्हं इंग्लंडच्या थॉमस हॅरियट यांच्या पुस्तकात १६३१ मध्ये छापली गेली, त्यांच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी, हेही मुलांना सांगते. आप्पा आता नाहीत. दरवर्षी निम्मा वर्ग छेद पलीकडे नेतो. मी फुली मारते, आणि शेजारी लिहिते : शून्य घालून बघितलंस का?