दुकान उघडे, स्थानक बंद



पर्युषण जवळ आले की मी आसने, मुहपत्त्या, पुंजणी असे सगळे कपाटातून काढून एकदा उन्हात टाकते. परवा त्यात बाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, जुने लोकरी आसन हाताला लागले. त्यावर बसून त्यांनी केलेली शेवटची दोन पर्युषणे घरातच झाली, 2020 चे आणि 2021 चे. दोन्ही वर्षी आपले स्थानक बंद होते. जानेवारी 2022 मध्ये बाई गेल्या. म्हणून हा विषय माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.

2020 च्या ऑगस्टमध्ये पाचोऱ्यात काय स्थिती होती ते तुम्हाला आठवत असेल. पी.जे. गाडी मार्चपासून थांबलेली. जळगाव जिल्ह्यातल्या मृत्यूंची चर्चा जूनमध्ये दिल्लीपर्यंत पोहोचली होती, त्यामुळे भीती खरीच होती. पण बाजार हळूहळू सुरू झाला होता. आधी रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एक दिवस आणि समोरची दुसऱ्या दिवशी, मग वेळ वाढली. 5 ऑगस्टपासून राज्यात मॉलही उघडले. आमचे कापडाचे दुकान उघडे होते. राखीच्या आधी गिऱ्हाईक बरे होते, मीच गल्ल्यावर बसायचे. आणि तिथून चालत तीन मिनिटांवरच्या स्थानकाला कुलूप. केंद्राने 8 जूनपासून धर्मस्थळे उघडायला मोकळीक दिली होती, पण महाराष्ट्राने ती दिली नव्हती.

बाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या. लग्न होऊन पाचोऱ्यात आल्यापासून संवत्सरीचे प्रतिक्रमण त्यांनी कधी स्थानकाबाहेर केले नव्हते. नातीने सांगितले, आजी, मोबाइलवर लावून देते, सगळ्यांबरोबर म्हणता येईल. बाईंनी हात जोडले. सामायिकात विजेच्या वस्तूचा संघट्टा चालत नाही, हे त्या पोरीला कोण शिकवणार? मग त्या आमच्या यांना म्हणाल्या, “दुकान उघडं आहे ना? मग संवत्सरीला दुकानातच प्रतिक्रमण करू. गादीवर दहा बाया सहज बसतील.”

हे हसले. बाई हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात, 21 ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मुंबईच्या एका जैन ट्रस्टने अर्ज केला होता. उच्च न्यायालयाने नकार दिल्यावर ते दिल्लीला गेले. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने दादर, भायखळा आणि चेंबूर इथली तीन मंदिरे 22 आणि 23 ऑगस्ट असे दोन दिवस उघडायला परवानगी दिली. एका वेळी पाच जण, दिवसाला अडीचशे. ही परवानगी इतर मंदिरांना किंवा गणेशोत्सवाला लागू नाही, हेही बजावले. राज्याच्या बाजूने अभिषेक मनु सिंघवी उभे होते, तेही जैनच. सरन्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरला: पैशाचा संबंध असला की परवानगी मिळते, आणि धर्माची गोष्ट आली की कोरोना कसा आठवतो?

मीही तो चार ग्रुपवर पाठवला. पाठवताना मी गल्ल्यावर बसलेली होते, हे मला दोन दिवसांनी जाणवले. ज्या पैशाबद्दल सरन्यायाधीश बोलत होते, तो माझ्यासमोरच्या खणात होता.

तेव्हापासून मी हा हिशेब मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहिला आहे. बी.कॉम. केलेल्या बाईची खोड म्हणा.

दुकान उघडायला कारण होते. आमच्याकडे तीन कामगार आहेत, एप्रिल-मेमध्ये त्यांचा अर्धा पगार देतानाही आमची ओढाताण झाली. तिन्ही घरे त्यावरच चालतात. सामायिक मात्र घरात होते, त्याला भिंती लागत नाहीत, हे आपलेच शास्त्र सांगते. शिवाय खरे बोलायचे तर गिऱ्हाईक दहा मिनिटांत निघून जाते. संवत्सरीचे प्रतिक्रमण चालते दोन-तीन तास, दारे लोटलेली, शंभर जण मांडीला मांडी लावून, मोठ्याने पाठ म्हणत. आणि त्यातले निम्मे पासष्टीच्या पुढचे, ज्यांना घराबाहेर पडू नका म्हणून सरकार सांगतच होते. (मुहपत्ती तोंडाला बांधून बसणारे आपणच, हे मान्य. जगाने 2020 मध्ये जे बांधले ते आपण पिढ्यान्‌पिढ्या बांधतो, असे बाई अभिमानाने सांगायच्या. पण ती विषाणूसाठी नव्हे, वायुकायाच्या जीवांसाठी.)

आणि एका वेळी पाच जण हा तोडगा मूर्तिपूजक भगिनींच्या दर्शनाला जमणारा होता. दर्शन घेतले, पूजा केली, पुढच्या पाच जणींना वाट दिली. आपल्या स्थानकात मूर्तीच नाही. तिथे आपण एकत्र बसायलाच जातो. पाच-पाचच्या तुकड्यांनी समूह प्रतिक्रमण कसे करणार? त्यामुळे तो निकाल पाचोऱ्यात लागू झाला असता तरी बाईंना त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

इथपर्यंत मी सरकारच्या बाजूने बोलते आहे. पण 5 ऑक्टोबरला हॉटेले आणि बार उघडले, निम्म्या क्षमतेने का होईना, आणि धर्मस्थळे उघडली 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. मधल्या सहा आठवड्यांचे कारण मला आजही सापडत नाही. बंद खोलीत मास्क काढून दोन तास बसणे स्थानकात वाईट, तर बारमध्ये बरे कसे? किती जण, किती वेळ, हवा खेळती आहे का, एवढे तीन प्रश्न विचारून सगळ्यांना एकच माप लावले असते, तर स्थानक महिनाभर जास्त बंद राहिले असते तरी मी काही बोलले नसते. बाईंनाही समजावता आले असते. “बार उघडलाय, पण स्थानक बंद आहे” हे समजावायला माझ्याकडे शब्द नव्हते.

एकच माप म्हटले की ते आपल्यालाही लागते. 27 ऑगस्टला त्याच सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या मोहरमच्या मिरवणुकांना परवानगी नाकारली. सरसकट परवानगी दिली तर गोंधळ होईल आणि मग एकाच समाजाला दोष दिला जाईल, हे त्यांचे कारण मला पटते. पण आपल्या एकाही ग्रुपवर त्याबद्दल अक्षर आले नाही. आमच्या दुकानातल्या मुसलमान कारागिराने 25 मेची ईद घरीच केली, तेव्हा आपण स्थानकासाठी हळहळतो तसे त्याच्या मशिदीसाठी कुणी हळहळले नाही. उलट एप्रिलमध्ये तबलिगींबद्दलचे काय काय संदेश मी पुढे ढकलले होते. ज्या दिवशी आपल्याला तीन मंदिरे मिळाली, त्याच 21 ऑगस्टला औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे म्हटले. ते मात्र मी कुठल्याच ग्रुपवर पाठवले नाही.

आता लग्नाचे सांगते, ते सांगायचेच आहे. डिसेंबर 2020 मध्ये आमच्या पुतण्याचे लग्न झाले. परवानगी 50 माणसांची. पोलीस ठाण्यात दिलेली 50 नावांची यादी माझ्याच अक्षरातली. केटररचे बिल 185 ताटांचे, तेही मीच तपासून चुकते केले. सकाळी मुलीकडचे, दुपारी आपले, संध्याकाळी व्यापारी मंडळी, अशा पाळ्या लावल्या होत्या. म्हणजे एका वेळी 50 हून जास्त नव्हतेच, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. वाढपी मात्र तिन्ही पाळ्यांना तेच होते. आठव्या दिवशी त्यांच्यातला एक तरुण आजारी पडला आणि बारा दिवस दवाखान्यात राहिला. आमच्याच लग्नात लागण झाली की आणखी कुठे, कोण सांगणार? बरा झाला. केटररने त्याच्या औषधांचे पैसे मागितले नाहीत, आणि आम्ही आपणहून दिले नाहीत.

एप्रिल 2021 मध्ये पुन्हा सगळे बंद. लग्नाला 25 माणसे आणि दोन तास. त्या वर्षीचे पर्युषण सप्टेंबरात आले, तेव्हा दुकाने आणि हॉटेले रात्री दहापर्यंत उघडी होती, दोन डोस घेतलेल्यांना मॉलमध्ये जाता येत होते. बाईंचे दोन्ही डोस झाले होते. स्थानक 7 ऑक्टोबरला उघडले, घटस्थापनेला. संवत्सरी होऊन महिना उलटत आला होता.

त्या संवत्सरीला आम्ही चौघी घरातच बसलो. बाईंना पाठ होते, त्या म्हणत गेल्या, आम्ही मागून. प्रतिक्रमण झाल्यावर मी त्यांच्या पाया पडले, मिच्छामि दुक्कडं म्हटले आणि त्या 185 ताटांचे सगळे सांगून टाकले. त्यांना तोवर माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, “अगं, मला कशाला खमावतेस? त्या पोराला फोन कर.”

दुसऱ्या दिवशी पारणे झाल्यावर केटररकडून नंबर घेऊन फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी नाव सांगितले, कुठल्या लग्नातली ते सांगितले. त्याला वाटले नवीन काम आहे. म्हणाला, “बोला ना काकू, किती माणसं आहेत?”