मुकी झालेली अक्षरे
संगणकाशी माझा स्नेह चाळीस वर्षांचा. नव्या यंत्राचे कौतुक अद्याप ओसरलेले नाही. तरी जुन्या मराठी फाँटांविषयी मनात अढी आहेच. पडद्यावर देवनागरी दिसे, आत मात्र रोमन अक्षरांचेच क्रमांक साठविलेले असत. फाँट गेला की सारा मजकूर निरर्थक! वडिलांनी इंदुरात टंकित करून ठेवलेल्या आठवणी अशाच मुक्या झाल्या. युनिकोडने १९९१ साली ‘ळ’ला स्वतःचा क्रमांक दिला (हिंदीच्या शेजारात वाढलेल्यांनाच त्याचे मोल कळावे!), तो घरोघरी पोहोचायला मात्र पुष्कळ वर्षे लागली. आता त्या आठवणी मी युनिकोडमध्ये उतरवितो आहे. जोडाक्षरे फुटतात, ती हाताने जुळवितो. काल त्यांच्या आजोळाचे प्रकरण वाचता आले.