गाडी कुणाची?

दोस्तांनो, शिकाऊ लायसन खिशात असलं की गाडी चालवायची परवानगी मिळाली, असंच मला वाटायचं. तुम्हालाही वाटतं ना?

१९९३ साली मला अठरा पूर्ण झाली आणि मी सांगलीत ते काढलं. मुदत सहा महिने. बाबांच्या चेतकला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावला. बाबा मागे बसून शिकवायचे. एका दुपारी ते पडले होते. मी म्हटलं, "दळण घेऊन येतो." "जा, पण सावकाश," म्हणत त्यांनी किल्ली दिली. मी नववीतल्या बहिणीला मागे बसवलं आणि गिरणी सोडून थेट विश्रामबागेला!

चौकात शिट्टी झाली. मी ऐटीत लायसन पुढे केलं. हवालदारकाकांनी ते बघितलं, मग बहिणीकडे बघितलं. "शिकवणारा कुठाय?"

आता नियम ऐका. शिकाऊ माणसासोबत पक्कं लायसन असलेला शिकवणारा हवाच, तोही गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला. दुचाकीवर त्याच्याखेरीज कुणालाच बसवायचं नाही. 'एल'च्या पाट्या हव्यात. या अटी पाळल्या तरच पक्क्या लायसनशिवाय चालवायची सूट! मोडल्या, की सरळ विनापरवाना चालवल्याचा गुन्हा. तेव्हा त्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९च्या दुरुस्तीने तो ५,००० झाला. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

हे सगळं मला नंतर कळलं. हवालदारकाकांचा पुढचा प्रश्न मात्र तिथेच कळला. "गाडी कुणाची?"

कारण परवाना नसलेल्याला गाडी देणाऱ्या मालकावरही खटला होतो. (आणि अठराच्या आतल्यांनो, तुमचं तर याहून कठीण! लायसन नसताना मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९पासून पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत शिकाऊ लायसनही नाही.)

कोर्टात माझ्याआधी बाबांना पुकारलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, लग्नाकार्याला घालायचा तो. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "किल्ली तुम्ही दिली?"

मी चोरून नेली, असं ते म्हणू शकले असते. बाबा म्हणाले, "हो साहेब. मीच दिली."

दोघांचा दंड त्यांनीच भरला. घरी येताना चेतक ते चालवत होते. मी मागे बसलो होतो, आणि सबंध रस्ताभर आम्ही एक शब्द बोललो नाही.