‘जुनी झाली’ हे निदान नव्हे

१/ आज या धाग्यात किल्ला नाही, ताम्रपटही नाही. आहे ती मार्गासनीच्या आमच्या अंगणात उभी असलेली आजोबांची प्रीमियर पद्मिनी. लिटरला जेमतेम ८ किलोमीटर. ‘इंजिन संपले, विकून टाका,’ असा घरात निवाडा झाला होता.

२/ मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली, १०८९ सीसीची ही गाडी मुळात फियाट ११००. १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले. त्यानंतरच्या काळात अशा गाडीचे ‘ॲव्हरेज’ हा घरखर्चाचाच प्रश्न होता.

३/ साधने तपासल्याखेरीज निष्कर्ष नाही, हा आमच्या विषयाचा पहिला धडा. म्हणून टाकी काठोकाठ भरली, नसरापूरपर्यंत दोन फेऱ्या केल्या, पुन्हा काठोकाठ भरून हिशेब केला. आकडा खरा निघाला. टायरमधील हवा योग्य होती. जॅकवर चाके मोकळी फिरली, म्हणजे ब्रेक धरत नव्हते.

४/ मग धूर पाहिला. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते, इंजिन झिजल्याची शंका. आमचा धूर काळा होता आणि प्लगवर कोरडी काजळी. म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. शोध कार्बोरेटरपाशी येऊन थांबला. डॅशबोर्डवरील खुंटी पूर्ण आत ढकलली, तरी गंजलेल्या केबलमुळे चोक अर्धवट लागलेलाच राहत होता.

५/ केबल बदलल्यावर त्याच रस्त्यावर १३ किलोमीटर भरले. वय ही नोंद आहे, कारण नव्हे. आजीने विक्रीची बोलणी थांबवायला सांगितली आहेत.